मंत्रीसाहेब, झलक मिळणार नाही

प्रति,
मा. मंत्रीमहोदय,
सांस्कृतिक कार्य, महाराष्ट्र राज्य

विषय : लावणीच्या दहा मिनिटांबाबत

सा. न. वि. वि.

मी तमाशा कलावंत. वय ५२. तेराव्या वर्षी पायात चाळ बांधले, त्याला आता ३९ हंगाम झाले म्हणायचे. त्यातले दोन पुरते बुडाले. आपल्यामागे मोठमोठी कामं असतात याची जाणीव आहे, म्हणून वेळ घेतल्याबद्दल आधीच माफी मागते. लिहिण्यात चूकभूल झाली तर सांभाळून घ्यावं, माझी शाळा सातवीतच सुटली.

गेल्या आठवड्यात आमची दसऱ्याची तालीम चालू असताना एक फोन आला. "ताई, अभिजात मराठी सप्ताहाचा कार्यक्रम आहे. मोठे साहेब येणार आहेत. तुमची दहा मिनिटांची लावणीची झलक ठेवलीय. नऊवारी तुमचीच आणा. ढोलकीवाला एकच आणा, स्टेजवर जागा कमी आहे." मानधन विचारलं. "ते बजेटात बसत नाही हो. पण प्रमाणपत्र आहे, शाल-श्रीफळ आहे, साहेबांबरोबर फोटो आहे." मी म्हटलं, माझा नंबर कुणी दिला? तर हसून म्हणाला, "तुम्हाला कोण ओळखत नाही, ताई!"

आवाज ओळखीचा वाटला. फोन ठेवल्यावर आठवलं. हाच माणूस २०२१ साली एका कचेरीत टेबलापलीकडे बसला होता आणि मला विचारत होता, "तुम्ही कलावंत आहात, हे कशावरून?"

त्या प्रश्नापर्यंत मी कशी पोचले ते सांगते. आपण म्हणाल जुनं झालं. आपल्यासाठी झालं असेल.

आमचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं, पण पोट भरतं ते चैत्र-वैशाखात, गावोगावच्या जत्रांवर. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावकारभारी येतात, तारीख ठरते, सुपारी फुटते. २०२० साली तो पाडवा आला २५ मार्चला. आदल्या रात्री आठ वाजता टीव्हीवर देश बंद झाला. आमच्या फडाच्या वहीत तेव्हा २२ तारखा लिहिलेल्या होत्या, त्यातली एक दीड लाखाची. एकेक गावाचा फोन येत गेला आणि मालक एकेका ओळीवर काट मारत गेले. काही गावांनी इसारही परत मागितला. त्यांचंही बरोबर, जत्राच नाही तर तमाशा कसला.

पाडव्याच्या तीन दिवस आधी, २२ मार्चला संध्याकाळी पाचला, थाळ्या वाजवायला सांगितलं होतं. आमचा मुक्काम एका गावाबाहेरच्या माळावर होता. आम्ही वाजवल्या. हलगीवाल्याने ठेका धरला, मग कुणाला राहवलं नाही, अर्धा तास असं वाजवलं की गावातली पोरं बघायला धावली. तो आमचा त्या हंगामातला शेवटचा कार्यक्रम. फुकटचा.

पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहायचं म्हणून मालकांनी सावकार गाठला. २०२१ चा पाडवा होता १३ एप्रिलला. त्याच संध्याकाळी मुख्यमंत्री टीव्हीवर आले आणि दुसऱ्या रात्रीपासून 'ब्रेक द चेन' नावाची टाळेबंदी लागू झाली. सलग दुसरा पाडवा! आणि २०२२ साली सगळे निर्बंध उठले, तेही २ एप्रिलला, पाडव्याच्याच मुहूर्तावर. सरकारला आमचा सण इतका पाठ आहे याचा मला खरंच अभिमान वाटतो.

रोग नव्हता असं मी म्हणत नाही. रोग होता आणि त्याने आमचं माणूस नेलं, त्याबद्दल लिहितेच. माझं म्हणणं एवढंच की बंदीलासुद्धा तोंड बघायची सवय होती. ४ मे २०२० ला दारूची दुकानं उघडली. ५ नोव्हेंबरला नाट्यगृहं आणि सिनेमागृहं अर्ध्या खुर्च्यांवर उघडली. आमचा तंबू नाट्यगृहात मोडतो की जत्रेत, हे कुणी सांगेना. जत्रेत मोडतो म्हणावं तर जत्रा बंद. १५ जानेवारी २०२१ ला १४ हजारांवर ग्रामपंचायतींची मतदानं झाली, गुलाल उधळला गेला. त्यात निवडून आलेले आमचेच गावकारभारी, आम्हाला सुपारी देणारे. पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक १७ एप्रिल २०२१ ला, म्हणजे भर टाळेबंदीत. त्याआधीच्या सभांना माणसं किती होती ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. विठोबाच्या भेटीला माउलींच्या पादुका एसटीने गेल्या, वारकऱ्यांनी ते सोसलं. मग सोसायचं होतं ते सगळ्यांनीच का नाही?

आता नानांचं सांगते.

नाना आमच्या फडाचे सोंगाड्या. गवळणीतली मावशी करायचे. डोक्यावर पदर घेऊन, कमरेवर हात ठेवून नुसते उभे राहिले तरी मागच्या कनातीपर्यंत हशा जायचा. मला बोलायला त्यांनी शिकवलं. टाळी आली की वाक्य धरून ठेवायचं, टाळी उतरली की सोडायचं. दुसऱ्या टाळेबंदीत ते ६४ वर्षांचे होते. दसऱ्याला मालकांकडून आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नव्हती. माझीही नव्हती, ६० हजार. ते कांदा काढायला रोजाने जाऊ लागले. वाकायची सवय नाही, गुडघे गेलेले, पण शेतातही बायकांना हसवायचे, म्हणून मुकादम ठेवून घ्यायचा. मे महिन्यात ताप आला. तीन दिवस अंगावर काढला. चौथ्या दिवशी ऑक्सिजनची जागा शोधत आम्ही सामानाच्या ट्रकमधून त्यांना घेऊन फिरलो, ज्या ट्रकमध्ये आमचा पडदा आणि पेट्या असायच्या. तिसऱ्या ठिकाणी आत घेतलं. दोन दिवसांनी गेले. तपासणी झालीच नव्हती, कागदावर न्यूमोनिया लिहिलं. त्यामुळे कोरोनाच्या मृत्यूला मिळणारे ५० हजारही त्यांच्या घरी आले नाहीत.

ज्यांच्या एन्ट्रीला पाच पाच हजार माणूस शिट्ट्या मारायचा, त्यांना पोचवायला आम्ही सहा जण होतो. ढोलकीवाल्याने ढोलकी आणली होती. वाजवली नाही.

त्याच वर्षी सरकारने कलावंतांना मदत जाहीर केली. ५६ हजार जणांना प्रत्येकी ५ हजार, एकदाच. २८ कोटी होतात. हिशेब मीच केला, चुकला असेल तर आपले अधिकारी दुरुस्त करतील. माणशी हिशेबही केला. मार्च २०२० पासून २० महिने धरले तर महिन्याला २५० रुपये, दिवसाला ८ रुपये ३३ पैसे. एवढ्यात वडापावही येत नव्हता. तरी आम्ही धावलो, कारण आठ रुपयेसुद्धा कुणी देत नव्हतं. (केंद्राचं ते २० लाख कोटींचं पॅकेज आमच्या पेटीवाल्याने पाटीवर लिहून बघितलं होतं. दोनावर तेरा शून्य. तो म्हणाला, यातलं एक शून्य आपल्या वाट्याचं. ते मात्र पोचलं.)

अट होती, महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य, कलेत १५ वर्षं काम, आणि वर्षाचं उत्पन्न ४८ हजारांच्या आत असल्याचा तहसीलदाराचा दाखला. तलाठ्याने विचारलं, राहता कुठे? वर्षाचे सात-आठ महिने ट्रकमध्ये राहतो, असं सांगितलं. ट्रकला सातबारा नसतो. पंधरा वर्षांच्या कामाला पुरावा काय? जुनी जाहिरात दाखवली. त्यावर मालकांचं नाव मोठं आणि खाली 'सहकलाकार'. टेबलामागचा माणूस, तोच आताचा फोनवाला, म्हणाला, "यात तुम्ही कुठे आहात?" मी माझे घोटे दाखवणार होते. ३५ वर्षं पाच पाच किलोचे चाळ बांधून जे घट्टे पडलेत, ते खोटे काढता येत नाहीत. पण लाज वाटली. मग एकच फोटो होता तो दिला. मी राधा, शेजारी मावशीच्या वेशात नाना. त्याने बघून विचारलं, "ही दुसरी बाई कोण?" मी म्हटलं, बाई नाही, नाना आहेत. तो हसला. नाना मेल्यावर सहा महिन्यांनीही माणूस हसवतात, तरी कलावंत कशावरून!

झेरॉक्सवर चेहरा दिसत नाही म्हणून त्याने मूळ फोटो ठेवून घेतला. पैसे आले नाहीत. आमच्या फडातल्या ६७ जणांपैकी ११ जणांना मिळाले, बाकीचे अर्ज अजून कुठेतरी 'विचाराधीन' असतील. विचार दांडगा चालू असणार.

आता मला सांगा, तेव्हा पुरावा लागणारी बाई आता पुराव्याशिवाय कशी चालते? तिला खायला हवं होतं तेव्हा ती कोण होती ते कळेना, आणि तुमच्या मंडपाला शोभा हवी झाली की तिला कोण ओळखत नाही, ताई! मग तुमची संस्कृती म्हणजे नक्की काय, माझी नऊवारी? ती नेसून आत उभी असलेली बाई उरलेलं वर्षभर काय खाते, ते कुठल्या विभागाकडे येतं?

हे आजचं नाही. स्वातंत्र्य मिळालं आणि मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, अश्लील म्हणून. तोच तमाशा 'लोकनाट्य' म्हणून उभा राहिला, त्यात अण्णाभाऊ साठे होते. अण्णाभाऊंची जन्मशताब्दी १ ऑगस्ट २०२० ला झाली. ऐन टाळेबंदीत. शुभेच्छांच्या जाहिराती होत्या, त्यांच्या फडातल्या नातवंडा-पतवंडांच्या चुली थंड होत्या. विठाबाई नारायणगावकर राष्ट्रपतींकडून पदक घेऊन आल्या, म्हातारपण हलाखीत काढून २००२ साली गेल्या. आता त्यांच्या नावाने तुम्ही जीवनगौरव पुरस्कार देता. मरून पडल्यावर आमचा गौरव करण्यात हे राज्य कुणाला हार जाणार नाही. ज्येष्ठ कलावंतांचं मानधन २०२४ साली २,२५० चं ५,००० केलंत, त्याबद्दल आभार, मनापासून. पण एका जिल्ह्यातून वर्षाला १०० जण घेणार. त्यात कीर्तनकार, शाहीर, लेखक, भजनी मंडळी आणि आम्ही. माझा नंबर लागेपर्यंत मी पुरस्काराच्या वयाची होईन.

जात लिहायची नव्हती, पण लिहिते. मी कोल्हाटी. पोराला दाखला हवा तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधी तुमचं कुटुंब कुठे राहत होतं त्याचा पुरावा आणा म्हणतात. आम्ही भटके म्हणून सवलत, आणि भटकत नव्हतो याचा पुरावा आणा! याला वगात, म्हणजे तमाशातल्या नाटकात, घातलं तर लोक म्हणतील अति होतंय. पोराच्या बापाच्या नावाची रेघ शाळेत मोकळी राहिली, त्यावर गुरुजी काय बोलले ते इथे लिहीत नाही. १ मे २०२४ पासून सरकारने नावात आईचं नाव सक्तीचं केलं, फार पुढारलेला निर्णय म्हणून पेपरात आलं. आमच्या घरात तीन पिढ्या तेच चालू आहे. तेव्हा मात्र त्याला वेगळा शब्द होता. आणि जे गाव आमच्यावर दीड लाख उधळतं, त्या गावात एक खोली भाड्याने मिळत नाही. रात्रभर "वन्समोअर", सकाळी नळावर "त्या तमाशातल्या".

मागण्या लिहायच्या राहिल्या. आधी बऱ्याच होत्या. तीनच लिहिते. फडातल्या माणसांची नोंद फडावर येऊन करा. आमचे मुक्काम लपलेले नसतात, कर्ण्यावर ओरडून सांगतो. उद्या पुन्हा बंदी आणायची वेळ आली तर त्याच आदेशाच्या खाली आमच्या पोटाची एक ओळ लिहा. आणि सरकारी कार्यक्रमात मंडपवाल्याला, जेवणवाल्याला, फुलवाल्याला जसे पैसे देता तसे नाचणारीलाही द्या. मंडपवाल्याला कधी प्रमाणपत्रावर भागवलंय?

दहा मिनिटांच्या झलकेला मी येणार नाही, तसं त्या गृहस्थांना कळवलं आहे. ते म्हणाले, "दुसरी बघतो." मिळेलही, पोट सगळ्यांनाच आहे, तिच्यावर माझा राग नाही.

दसऱ्याला नारळ फोडून आम्ही बाहेर पडतोय. आपल्याला यायचं असेल तर जरूर या. रात्री साडेनऊला गण होतो, मग गवळण, बतावणी, वग संपेपर्यंत दोन वाजतात. तिकीट खिडकीवर मिळेल. पास देत नाही.

आपली,
फडातली एक बाई

ता. क. : तो फोटो फाईलमधून काढून परत पाठवलात तर बरं होईल. नानांचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही.