रकान्यांपुढच्या त्या ओळींसाठी, ताई

ताई,

नाव कुठे लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. आभार मात्र उघडच मानणार. तुमच्याआधी आमच्या वाचनालयाच्या डेटाबेसला ज्यांनी हात लावला, त्यांनी बिलं लावताना कुठे संकोच केला होता?

पावती क्रमांक ३२,७६७ वर येऊन अडला. पुढचा आकडा घेईचना. ज्यांनी टेबल बनवलं त्यांना फोन केला, तर म्हणाले, "फाइल भरली, नवीन काढा." अहो, आमचा डेटाबेस ज्या मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये आहे, त्याची फाइल दोन जीबीपर्यंत वाढते, आमची त्याच्या आसपासही नव्हती. दुसऱ्या एका जाणकारांनी तर संगणकच बदलायला सांगितला. तुम्ही टेबलाची रचना दाखवणारा डिझाइन व्ह्यू उघडलात, पावती क्रमांकाच्या रकान्याच्या फील्ड साइजसमोर 'इंटिजर', म्हणजे छोट्या पूर्णांकांचा प्रकार, वाचलंत आणि हसलात. "या बिचाऱ्याला याच्यापुढे मोजताच येत नाही." त्याचा मोठा भाऊ लाँग इंटिजर लावल्यावर आता दोनशे चौदा कोटींपर्यंत चिंता नाही. पणतवंडं पावत्या फाडत बसली तरी पुरेल.

पण खरा मनस्ताप थकबाकीचा होता. पूर्ण वर्गणी भरलेल्या एका वयोवृद्ध सभासदांना स्मरणपत्र गेलं. 'येणे बाकी: ०.००'. ते गृहस्थ पत्र घेऊन आले, टेबलावर ठेवलं आणि एक शब्द न बोलता उभे राहिले. आम्ही काय सांगणार? पैशांचा रकाना 'डबल' या अपूर्णांकांच्या प्रकाराचा होता आणि ०.१ सारखा साधा आकडाही त्यात नेमका बसत नाही, दहा वेळा मिळवला तरी पूर्ण एक होत नाही, हे आम्हाला तुमच्याकडूनच कळलं. कागदावर शून्य, आत कुठेतरी कणभर शिल्लक, आणि यादी त्या कणालाच थकबाकीदार ठरवत होती. पैशांसाठीचा 'करन्सी' हा प्रकार चार दशांशांपर्यंत हिशेब चोख ठेवतो. प्रकार बदलला, यादी शुद्ध झाली.

एवढ्यावरही आभार मानले असतेच. पण तुम्ही गेल्यावर मी टेबल उघडून पाहिलं. फील्डचं नाव, डेटा टाइप आणि त्यापुढे वर्णनाचा तो रकाना, जो कोणी कधी भरत नाही. तुम्ही प्रत्येक ओळीपुढे लिहून ठेवलं होतं, तेही मराठीत.

सभासद क्रमांक: "आकडे दिसतात, पण यांची बेरीज करायची नाही. मजकूरच ठेवा, नाहीतर सुरुवातीची शून्यं जातील."
जन्मतारीख: "वय साठवू नका, ते दर वर्षी खोटं ठरतं."
शेरा: "लाँग टेक्स्ट. लोक इथे कहाण्या लिहितात, २५५ अक्षरं पुरत नाहीत."

हे कोणी सांगितलं होतं तुम्हाला? आधीच्यांनी रकान्यांना फील्ड१, फील्ड२ अशी नावं ठेवली होती. फील्ड७ मध्ये काय आहे हे त्यांनाच ठाऊक, म्हणजे दरवेळी त्यांनाच बोलवायचं. काही माणसं काम अशा बेताने करतात की किल्ली आपल्याच खिशात राहावी. तुम्ही किल्ली दारातच ठेवून गेलात. आता नोंदी भरणारी मुलगी एखाद्या रकान्यात गेली की तुमची ओळ खिडकीच्या खालच्या पट्टीत उमटते, आणि ती मला विचारायला येत नाही. अशी माणसं भेटली की वाटतं, हुशारी बाजारात पुष्कळ मिळेल. मागून येणाऱ्याची काळजी करणं दुर्मीळ.

तुमच्या वळणावर जाऊन देवघेवीचं टेबल मी स्वतःच बनवलंय. प्रत्येक रकान्यापुढे वर्णनही लिहिलंय. एकच जागा अडली आहे: उशिराचा दंड साठवून ठेवायचा, की वयासारखा दरवेळी तारखांवरून काढायचा? दर मध्येच बदलला तर जुन्या दंडाचं काय, हेही कळत नाही. सवडीने सांगा, घाई नाही.

आपली,
वाचनालयाची कार्यवाह