जाहीर आवाहन : मे महिन्यातल्या आपल्या कला महोत्सवाला हातभार लावा

समस्त ग्रामस्थ, चाकरमानी, माहेरवाशिणी आणि हितचिंतक यांस सप्रेम नमस्कार, वि. वि.

कोकणकन्या आणि तुतारी या गाड्यांची तिकिटे संपली, झाडावरचे आंबे उतरायला लागले, म्हणजे आपला महोत्सव तोंडावर आला हे वेगळे सांगायला नको. यंदा मे महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार ठरला आहे. जागा नेहमीचीच, देवळासमोरची. कार्यकारिणीच्या बैठकीत ‘यंदा एकाच दिवसात आटपूया का?’ असा विषय निघाला. विषयपत्रिकेवर तो नव्हता, चहा झाल्यावर कोणीतरी काढला. आणि बराच वेळ कोणीच काही बोलले नाही. शेवटी दोन दिवसच करायचे असे ठरले. पण सगळे गप्प का बसले होते ते आपण सर्वजण जाणताच, म्हणून हे पत्र.

नवीन सुना-जावयांसाठी थोडे मागचे सांगतो, जुन्यांनी रागावू नये. २०१२ साली सुरुवात झाली तेव्हा मंडप नव्हता, खुर्च्या नव्हत्या. गुरुजींनी शाळेतल्या सतरंज्या स्वतःच्या जबाबदारीवर आणल्या, अण्णांनी भाताच्या गिरणीवरून वायर ओढून लाईट दिली. कुडाळजवळच्या पिंगुळीहून ठाकर कलाकार आले. एकाने चित्रकथीची (चित्रे दाखवत गाऊन कथा सांगायची) पोथी मांडीशी उभी धरली, दुसऱ्याने हुडुक हे तालवाद्य घेतले, वीणा आणि टाळ लागले आणि रामायणातले आख्यान सुरू झाले. एक पान संपले की उलटून मागचे चित्र पुढे, कारण चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. पोरे हळूहळू सरकत सरकत इतकी पुढे गेली की गाणाऱ्याला हात हलवायला जागा उरेना. गुरुजी म्हणाले, “असू द्या, हेच तर पाहिजे होते.” तिथून हे सगळे सुरू झाले.

पिंगुळीचे चित्रकथी कलाकार परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपल्याकडे देवळात साखर वाटली होती. पुरस्कार त्यांचा, आपण फक्त शेजारी. पण ज्या कलेसाठी दिल्लीने मान दिला ती आपल्या अंगणात सतरंजीवर बसून पाहिली आहे, याचा अभिमान का नसावा? सावंतवाडीला राजघराण्यातले शिवरामराजे आणि राजमाता सत्त्वशीलादेवी यांनी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची कला, पुन्हा उभी केली नसती तर आज आपल्या पोरांना तो गोल पत्ता हातात धरायला मिळाला नसता. दशावतारी गंजिफाची १२० पाने, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, हे आता आपल्या चौथीतल्या मुलांना पाठ आहे. गेल्या वर्षीच्या रंगकामात बहुतेकांनी मत्स्य निवडला, कारण तो काढायला सोपा असा त्यांचा प्रामाणिक खुलासा!

कोणाकोणाची नावे घ्यावीत? घेतली तर राहिलेले रुसतात, म्हणून नावे न घेता सांगतो. गुरुजी गेल्यावर काकींनी त्यांच्या घरची फणसाची दोन बाकडी मंडळाला दिली. दशावतारी नाटकात (आपले रात्रभर चालणारे लोकनाट्य) राजाचे सिंहासन म्हणजे एक बाकडे, एवढाच काय तो सेट. गेली काही वर्षे आपल्या रंगमंचावर इंद्रापासून रावणापर्यंत सगळे काकींच्याच बाकड्यावर बसतात. खालच्या वाडीतल्या दुकानदारभाऊंनी आजवर पेट्रोमॅक्सपासून नारळापर्यंत काय दिले याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही आणि आम्हालाही ठेवू दिला नाही. मुंबईच्या आपल्या ग्रामस्थ मंडळाने २०२० साली टाळेबंदीत महोत्सव होऊ शकला नाही तेव्हा जमवलेली वर्गणी परत न मागता दशावतारी कलाकारांच्या घरी तांदूळ पोचवायला सांगितले. हंगामाचे शेवटचे दिवस बुडाले होते, पुढे पावसाळा, त्या तांदळाची आठवण ती माणसे आजही काढतात. दुसऱ्या वर्षी मे महिन्यातच तौक्ते वादळ आले, रंगमंचावरचे पत्रे पलीकडच्या काजूच्या बागेत सापडले. तेव्हा डोंबिवलीच्या आपल्या भगिनींनी हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातून पैसे उभे करून छप्पर घालून दिले. हे ऋण फेडता येणारे नाही.

आता जे लिहायचे ते लिहितो.

गेल्या वर्षी ज्यांनी मोठ्या रकमा कबूल केल्या त्यांतल्या बऱ्याचशा आल्याच नाहीत. एका पुरस्कर्त्याने मंडपाच्या दर्शनी भागात स्वतःचा फलक लावून घेतला, फलकासमोर फोटो काढून घेतले आणि नंतर फोन उचलणे बंद केले. परिणाम कोणावर झाला? रविवारी रात्री दशावताराचे नाटक झाले. नाटकातल्या संकासुर राक्षसाने पोरांना रडवले आणि हसवले, मध्यरात्रीनंतर आख्यान असे रंगले की उठून जायचे कोणाला सुचले नाही. लिहिलेली संहिता नाही, संध्याकाळी कथा ठरते आणि संवाद उभ्या-उभ्या होतात. हे बाहेरच्या पाहुण्यांना सांगूनही पटत नव्हते. पहाटे नट मंडळी तोंडावरचा रंग खोबरेल तेलाने पुसत बसली होती, पेटारा बांधून झाला होता आणि नाटक मंडळीचे मालक बिदागीची वाट पाहत उभे होते. आमच्या हातात ठरलेल्या रकमेच्या निम्मीच होती. “असांदे, मगे बघया,” (असू दे, मग बघू) एवढेच ते म्हणाले आणि टेम्पोत बसले. पुढच्या रात्री त्यांचा दुसरीकडे प्रयोग होता. बाकी रक्कम आम्ही गणपतीपर्यंत कशीबशी चुकती केली, पण त्या पहाटेचे त्यांचे ते समजूतदार बोलणे अजून कानात आहे. भांडले असते तर बरे वाटले असते.

आणि त्याच रात्रीचे व्हिडिओ आपल्या ग्रुपवर किती जणांनी टाकले! ‘आपली कला, आपली शान’, हात जोडलेली चिन्हे, टाळ्या. दानपेटी मात्र मंडपाच्या दारातच होती. कोणाला उद्देशून लिहीत नाही, ज्याने त्याने समजून घ्यावे. वर्गणीची सक्ती आपण कधी केली नाही आणि करणारही नाही. पण रात्रभर घसा फोडणाऱ्या माणसाला सकाळी ‘मग बघू’ म्हणायची पाळी मंडळावर पुन्हा आणू नका, एवढेच हात जोडून मागणे.

म्हणून यंदा एक नियम केला आहे. कलाकार पेटारा उघडण्याआधी त्याची पूर्ण बिदागी त्याच्या हातात. पैसे जमले नाहीत तर खुर्च्या कमी करू, सत्काराच्या शाली-श्रीफळ बंद करू (तसेही सत्कार फार लांबतात असे अनेकांचे मत आहे), स्वागताची कमान काढून टाकू. बिदागीला हात लागणार नाही.

कार्यक्रम थोडक्यात : शनिवारी सकाळी मुलांचे गंजिफा रंगकाम, सावंतवाडीच्या चितार आळीतल्या लाकडी खेळण्यांचे प्रात्यक्षिक, संध्याकाळी चित्रकथी, अंधार पडल्यावर चामड्याच्या बाहुल्या (पडद्यामागच्या दिव्यावर सगळा खेळ असतो, कृपया मोबाईलचे टॉर्च बंद ठेवावेत). रविवारी दुपारी कळसूत्री बाहुल्या, फुगड्या, रात्री दशावतार, पहाटेपर्यंत. जेवण बचत गटाच्या भगिनींकडे : घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी.

खर्चाचा अंदाज २,६०,००० रु., त्यात बिदागी व मानधन सर्वांत मोठे, मग मंडप, ध्वनी, जनरेटर (वळीव आला की लाईट जाते), जेवण, प्रवास. आजपर्यंत जमा ९५,००० रु. देणगी रोख, चेक किंवा क्यूआर कोडवर. कोड देवळाच्या सभामंडपात व ग्रुपवर लावला आहे, कोड स्कॅन केल्यावर मंडळाचे नाव दिसते का पाहूनच पैसे पाठवावेत व नाव-वाडी कळवावी म्हणजे पावती करता येईल. ५,००० रु. वरील देणगीदारांनी पूर्ण रात्रीच्या किंवा अर्ध्या बिदागीचे यजमानपद घ्यावे असे सुचवतो, बोलून ठरवू. पैसे नसतील तर तांदूळ, नारळ, आमसुले, जळाऊ लाकूड, कलाकारांना झोपायला पडवी, कुडाळ स्टेशनवरून पाहुण्यांना आणायला गाडी, काहीही चालेल. मंडप बांधायला दहा-बारा तरुण गुरुवारपासून हवेत, ‘येतो’ म्हणून न येणारे नकोत. रोख रक्कम खजिनदारांकडेच द्यावी, वाटेत भेटेल त्या सदस्याच्या हातात देऊ नये. हिशेब सोमवारी संध्याकाळी देवळात वाचून दाखवला जाईल, परत जाणाऱ्यांनी रात्रीची गाडी धरावी म्हणजे ऐकून जाता येईल.

आपला,
सचिव (कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. : गेल्या वर्षी नेलेल्या दोन ताडपत्र्या आणि मोठे पातेले ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते बुधवारपर्यंत आणून द्यावे. कोणाकडे आहे ते माहीत आहे.