प्रॉक्सी बंद पडली, पण नेमकी कुठे?

सन्माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला इराणमधल्या इंटरनेटबंदीवरचा लेख वाचला. माहिती चांगली आहे. मात्र तिथले लोक व्हीपीएन (आडमार्गाने इंटरनेट नेणारं अ‍ॅप) टाकून बंदीवर ‘सहज मात करतात’ हे काही पटलं नाही. सहज कसलं? तिकडे प्रॉक्सी, म्हणजे बंदी चुकवून निरोप पुढे पोहोचवणारा मधला सर्व्हर, आज चालते, उद्या चालत नाही, आणि का चालत नाही हे शोधण्यातच माणूस मेटाकुटीला येतो.

माझी सगळी नोकरी दूरध्वनी खात्यात फॉल्ट शोधण्यात गेली. आमच्या वरच्या खोलीत शिराझची एक विद्यार्थिनी राहायची (पुण्याला इराणी विद्यार्थ्यांचं नवल नाही). शिक्षण संपवून ती परत गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये पोलिसांच्या ताब्यातल्या महसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूनंतर आंदोलन पेटलं आणि तिकडे इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप बंद झालं. सिग्नल हे निरोपांचं अ‍ॅप तर जानेवारी २०२१ पासूनच बंद होतं. तेव्हा भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरवर मी सिग्नलची प्रॉक्सी उभी केली. अशा प्रॉक्सीतून मजकूर कुलूपबंदच पुढे जातो, मला त्यातलं काही वाचता येत नाही.

थोडे दिवस बरं चाललं, मग तिची मेल आली : ‘काका, कनेक्ट होत नाही.’ पुण्यातून बघितलं तर सगळं ठणठणीत. पण इथून चालतंय याला काडीचा अर्थ नाही, तपासणी तिच्या टोकाला व्हायला हवी. तिला लॅपटॉपवर एनएसलुकअप चालवायला सांगितलं; सर्व्हरचं नाव दिलं की त्याचा आकड्यांतला इंटरनेट-पत्ता सांगणारी ही आज्ञा. माझ्या सर्व्हरच्या नावापुढे तिला पत्ता आला १०.१०.३४.३५. इथेच फॉल्ट सापडला. १० ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यातले. बाहेरच्या सर्व्हरचा पत्ता असा असूच शकत नाही. बंदी घातलेलं नाव विचारलं की इराणची यंत्रणा हा किंवा याच्या शेजारचा पत्ता हातात देते. थोडक्यात, सर्व्हर शाबूत होता, फक्त त्याचं नाव बंदीच्या यादीत गेलं होतं. त्याच सर्व्हरला दुसरं नाव जोडलं, प्रॉक्सी सुरू.

कधी पत्ता बरोबर येतो, पण जोडणी सुरुवातीलाच तुटते. कारण पहिल्या निरोपात सर्व्हरचं नाव उघडं जातं आणि बंदीतली नावं अडवणारी सरकारी चाळणी तिथे बसलेली असते. तिथेही नाव बदलून बघावं. त्यानेही भागलं नाही, तर सर्व्हरचा पत्ताच अडवलाय असं समजून नवा सर्व्हर घ्यावा. आणि आंदोलनाच्या त्या दिवसांत इराणमध्ये संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत मोबाइल इंटरनेटच बंद करायचे, तेव्हा कुठलीच प्रॉक्सी कामाची नाही. २०२३ च्या मराठा आंदोलनात जालना-बीडमध्ये नेट बंद झालं होतं; तिथल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको.

लेखासोबत आपण एका चालू प्रॉक्सीचा पत्ताही छापलात. कृपया असं करू नका. चाळणी लावणारेही पेपर वाचतात. सिग्नलनेसुद्धा स्वयंसेवकांना असे पत्ते जाहीर न टाकता ओळखीत, खासगीत द्यायला सांगितलं होतं. शिवाय अनोळखी फुकट व्हीपीएनची शिफारस करताना ते चालवतं कोण आणि त्याचा खर्च कुठून निघतो, हा प्रश्न लेखकाला पडायला हवा होता.

सर्व्हर चालवणं जमणार नाही अशा वाचकांनी टॉर प्रकल्पाचं (ओळख लपवून इंटरनेट वापरू देणारं स्वयंसेवकांचं जाळं) स्नोफ्लेक वापरावं. फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये एक एक्स्टेंशन टाकलं की तुमचा ब्राउझरच तात्पुरती प्रॉक्सी होतो. पलीकडचा माणूस तुमच्यामार्गे फक्त टॉरच्या जाळ्यापर्यंत पोहोचतो. तो पुढे जी संकेतस्थळं उघडेल तिथे तुमच्या घरच्या इंटरनेटचा पत्ता दिसत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये इराणमध्ये तेही अडवलं गेलं, कारण त्याची जोडणी सुरू करण्याची ढब नेहमीच्या ब्राउझरसारखी नव्हती. मग ती ढब ब्राउझरसारखी करून घ्यावी लागली. एक सूचना : मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे लावू नका. तिथे एकाच पत्त्यामागे असंख्य ग्राहक कोंबलेले असतात आणि पलीकडच्याशी गाठ पडणं अवघड जातं. घरच्या ब्रॉडबँडवर लावा, ब्राउझर उघडा ठेवा. गेल्या चोवीस तासांत किती जणांना उपयोग झाला, तो आकडा तिथेच दिसतो.

— एक निवृत्त दूरध्वनी अभियंता, कर्वेनगर, पुणे