बनाबाची माती आणि किरिबासचे नाव

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ३१ डिसेंबरला एक छोटी बातमी हमखास छापून येते: नववर्षाचे स्वागत सर्वांत आधी ‘किरिबाटी’ या देशात झाले. त्यानंतर वर्षभर या देशाचे नाव सहसा निघत नाही, आणि निघालेच तर ‘समुद्रात बुडणारा देश’ एवढ्या एका विशेषणासह निघते. यांतली कोणतीही बातमी खोटी नाही. पण सुमारे १ लाख २० हजार माणसांच्या एका देशाची ओळख त्यांतून मुळीच होत नाही, म्हणून हे पत्र.

आधी नावाबद्दल. त्या देशाचे लोक आपल्या देशाला ‘किरिबास’ म्हणतात. त्यांच्या भाषेच्या रोमन वर्णमालेत तेराच अक्षरे आहेत आणि त्यांत ‘एस’ नाही; ‘टी’पुढे ‘आय’ आला की त्याचा उच्चार ‘स’ होतो. थॉमस गिल्बर्ट या इंग्रज कप्तानाचे जहाज १७८८ मध्ये या बेटांजवळून गेले, त्यावरून त्यांना ‘गिल्बर्ट’ हे नाव पडले, आणि ‘गिल्बर्ट्स’चे स्थानिक तोंडी झालेले रूप म्हणजे किरिबास. कॅप्टन कुक १७७७ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी ज्या बेटावर पोहोचला, त्या ‘ख्रिसमस’ बेटाच्या नावाचेही असेच झाले आहे. रोमन स्पेलिंग पाहून आपण ते ‘किरितिमाती’ असे लिहितो. उच्चाराप्रमाणे लिहिण्याची उत्तम सोय देवनागरीत असताना आपण परक्या स्पेलिंगमागे फरफटत का जावे, हे मला खरोखरच कळत नाही.

या देशाची ३३ बेटे प्रशांत महासागरात विषुववृत्ताच्या आणि १८० अंश रेखावृत्ताच्या दोन्ही बाजूंना पसरली आहेत. जमीन अवघी ८११ चौरस किलोमीटर, पण पूर्व-पश्चिम पसारा साडेतीन हजार किलोमीटरहून अधिक. आंतरराष्ट्रीय वाररेषा पूर्वी देशाच्या मधूनच जात असे, त्यामुळे दोन्ही टोकांच्या सरकारी कचेऱ्यांना आठवड्याचे चारच दिवस सामाईक मिळत. १९९५ च्या आरंभी सरकारने ही रेषा पूर्वेकडे सरकवली. ‘पहिल्या नववर्षा’ची बातमी या प्रशासकीय निर्णयातून जन्मली आहे.

‘बुडणारा देश’ या शब्दांनी डोळ्यांसमोर लाटांखाली गेलेली घरे येतात. प्रत्यक्षात समुद्र जमिनीवर चढण्याआधी जमिनीखालून येतो. एक बनाबा हे बेट सोडले तर ही सारी बेटे सखल प्रवाळाची आहेत. त्यांवर एकही नदी नाही. पावसाचे पाणी प्रवाळी वाळूतून झिरपते आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहते. मधोमध जाड आणि कडांना पातळ असा गोड्या पाण्याचा हा थर अगदी भिंगासारखा असतो. राजधानी दक्षिण तारावा येथे देशातील निम्म्याहून अधिक लोक राहतात आणि त्यांचे नळाचे पाणी मुख्यतः बोनरिकीच्या अशाच भिंगातून उपसले जाते. उपसा वाढला किंवा उधाणाची लाट जमिनीवरून गेली की हे भिंग खारट होते.

त्याची पहिली झळ ‘बाबाई’च्या खड्ड्याला बसते. बाबाई हे अळूच्या कुळातले, माणसाच्या उंचीहून मोठे होणारे कंदपीक. त्यासाठी खडकाळ जमीन गोड्या पाण्याच्या पातळीपर्यंत हाताने खणतात, प्रत्येक रोपाभोवती पानांचे विणलेले कडे बसवतात आणि त्या कड्यात पाला चुरून खत म्हणून घालत राहतात. कंद वर्षानुवर्षे पोसला जातो आणि समारंभाच्या जेवणात मानाने वाढला जातो. असे खड्डे पिढ्यान्‌पिढ्या वारसाहक्काने चालत आले आहेत. एका रात्रीच्या उधाणाने खड्डा खारावला तर त्या कुटुंबाचे जे जाते, ते समुद्राच्या पातळीचे मिलिमीटर मोजून कळणारे नाही.

तेथील सार्वजनिक जीवन ‘मनेआबा’भोवती फिरते. हे गावाचे सभागृह. त्याला भिंती नसतात. केवड्याच्या जातीच्या पानांनी शाकारलेले प्रचंड छप्पर असते, खिळ्यांऐवजी सुंभाच्या दोरीने बांधलेले, आणि वळचण इतकी खाली की आत जाणाऱ्याला वाकावेच लागते. आत प्रत्येक कुळाची बसण्याची जागा, ‘बोती’, ठरलेली असते. देशाच्या संसदेचे नावही ‘मनेआबा नी माउंगाताबू’ असेच आहे. परक्यांची राज्यपद्धती स्वीकारताना तिला आपल्या छपराखाली बसवणारे हे लोक आहेत.

आता बनाबाविषयी, कारण हे पत्र मुख्यतः त्यासाठीच लिहितो आहे. जेमतेम सहा चौरस किलोमीटरचे हे उंच बेट फॉस्फेट या खतासाठी लागणाऱ्या खनिजाने भरलेले होते. १९०० मध्ये अल्बर्ट एलिस हा एका ब्रिटिश कंपनीचा माणूस तेथे उतरला आणि वर्षाला ५० पौंड या मोबदल्यात ९९९ वर्षांसाठी खाणकामाचा करार करून घेतला. पुढे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तीन सरकारांच्या आयोगाने हे काम चालवले. लोकांनी आणखी जमीन देण्यास नकार दिला, तेव्हा ती सक्तीने घेण्यासाठी १९२८ मध्ये कायदा करण्यात आला. सुमारे २ कोटी टन फॉस्फेट जहाजांत भरून गेले आणि त्यावर मुख्यतः ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडची शेते पिकली. बनाबावर मागे उरले ते चुनखडीचे उघडे सुळके. दुष्काळात ज्या गुहांत शिरून बनाबाच्या स्त्रिया करवंट्यांनी पाणी भरत, त्या ‘बांगाबांगा’ गुहांनाही या खाणींनी सोडले नाही.

दुसऱ्या महायुद्धात जपानने बेट घेतले आणि रहिवाशांना इतरत्र हलवले. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी त्यांना घरी न नेता डिसेंबर १९४५ मध्ये फिजीतील राबी बेटावर उतरवले. ते बेट बनाबावासीयांच्याच फॉस्फेटच्या पैशांतून विकत घेतलेले होते. त्यांनी लंडनच्या न्यायालयात दाद मागितली. सुनावणी दोनशेहून अधिक दिवस चालली आणि न्यायाधीशांनी स्वतः बनाबाला जाऊन पाहणी केली. १९७६ च्या निकालात त्यांच्यावर झालेल्या अन्यायाकडे न्यायाधीशांनी सरकारचे लक्ष वेधले खरे, पण ब्रिटिश सरकार विश्वस्त या नात्याने कायद्याने बांधील होते, हे मात्र मान्य झाले नाही. खाणकाम थांबले ते १९७९ मध्ये, आणि त्याच वर्षी १२ जुलैला किरिबास स्वतंत्र झाला. ब्रिटिश वसाहत असताना ज्याचा मोठा आधार होता ते उत्पन्न संपले आणि झेंडा हाती आला, हे दोन्ही एकाच वर्षात घडले.

२०१४ मध्ये किरिबासच्या सरकारने फिजीच्या वानुआ लेवू बेटावर सुमारे २० चौरस किलोमीटर जमीन विकत घेतली, तेव्हा ‘हवामानबदलामुळे परदेशात जमीन घेणारा पहिला देश’ अशा मथळ्यांनी जगभर गाजावाजा झाला. राबी हे त्याच वानुआ लेवूच्या किनाऱ्याजवळचे बेट आहे. आपली भूमी गमावून फिजीच्या याच भागात वसलेल्या माणसांची नातवंडे-पतवंडे आज तेथे राहतात, आणि राबीवरील बनाबावासीयांचा एक प्रतिनिधी किरिबासच्या संसदेत बसावा, अशी तरतूद राज्यघटनेतच आहे. स्थलांतर म्हणजे काय, मायभूमीशी नाते कसे टिकते आणि कोठे तुटते, हे सांगणारी माणसे तेथेच असताना त्या मथळ्यांखाली त्यांचा उल्लेख मला क्वचितच आढळला. त्यांची भूमी समुद्राने नेली नव्हती. ती करार करून, कायदा करून, टनावारी मोजून नेण्यात आली होती, आणि ‘बुडणारा देश’ या शब्दांत नेमकी हीच गोष्ट गळते.

आपल्या दैनिकाकडे माझी विनंती साधी आहे. येत्या ३१ डिसेंबरला या देशाचे नाव ‘किरिबास’ असे छापावे, आणि त्याच्या भवितव्याविषयी लेख येईल तेव्हा त्यात बनाबा आणि राबी या दोन बेटांना जागा द्यावी.

आपला नम्र,
एक नियमित वाचक