दोन अर्ज आणि त्यांची पोच : काकूंना पत्र

नागपूर

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

माझ्या मुलाच्या शाळेविरुद्ध तक्रार करताना आपण जी मदत केली, तिच्याबद्दल समोर बसून बोलायला गेले की दरवेळी गळा दाटून येतो आणि बोलणे अर्धवट राहते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. इतर पालकांनाही ते उपयोगी पडावे, यासाठी ते उघडपणे लिहीत आहे.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शाळेकडून सात मुलांची यादी आली. प्रत्येक नावापुढे निदान लिहिलेले होते. माझ्या मुलाच्या नावापुढे ‘अध्ययन अक्षमता’, म्हणजे वाचणे, लिहिणे किंवा गणित शिकण्यातली अडचण. परीक्षेत त्याला जादा वेळ मिळावा म्हणून मी महिनाभर शाळेत खेटे घालत होते आणि ‘एकाला दिला की सगळेच मागतील’ एवढेच उत्तर मिळत होते. वेळ मिळाला नाहीच, पण निदान मात्र वर्गातल्या सगळ्या घरांत पोहोचले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात, त्या तान्ह्या पोळ्याला त्याने आपला लाकडी बैल माळ्यावरून काढूच दिला नाही.

त्या रात्री मी लिहिलेल्या चार पानी अर्जातली तीन पाने आपण पेन्सिलीने खोडलीत. ‘राग खरा आहे, पण वाचणाऱ्या अधिकाऱ्याला तारीख लागते,’ असे आपण म्हणालात आणि एका अर्जाचे दोन केलेत. पहिला जादा वेळेचा होता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये नोंदलेल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमताही आहे, आणि कलम 16 नुसार शासनमान्य शाळेने अशी मुले लवकर ओळखून त्यांच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायची असते, हे मला तेव्हा कळले. ‘सवलत द्यावी’ हे माझे शब्द आपण तिथेच बदललेत. दुसरा अर्ज त्या यादीचा होता. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींचा 2017 मधला निर्णय आपण त्यात एका ओळीत घातलात, त्याहून अधिक कायदा नाही.

सर्वांत मोलाची गोष्ट मात्र मला सुचलीच नसती. मी यादीचा स्क्रीनशॉट तसाच जोडायला निघाले होते. आपण त्याची छापील प्रत घेऊन उरलेल्या सहा मुलांच्या नावांवर कागदाच्या बारीक पट्ट्या एकेक करून चिकटवल्यात, मग तिची झेरॉक्स काढायला लावलीत. माझ्या मुलाच्या निदानाचे प्रमाणपत्र अर्जाला न टाचता ‘गोपनीय’ लिहिलेल्या बंद लिफाफ्यात ठेवलेत. जी चूक शाळेने केली, तीच आपण तक्रारीत करायची नाही, हे मी त्या टेबलावर शिकले.

भर पावसात आपण माझ्याबरोबर आधी शाळेत आणि मग सिव्हिल लाइन्सला जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी कार्यालयात आलात, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक पडेपर्यंत खुर्चीवरून उठला नाहीत.

दिवाळीपूर्वीच्या परीक्षेत त्याला जादा वेळ मिळाला. यादी काढून टाकली गेली आणि मुख्याध्यापकांनी सातही घरी फोन करून दिलगिरी व्यक्त केली. अर्थात ज्यांनी वाचले, त्यांनी वाचलेच. मुलांची प्रमाणपत्रे कोणाच्या ताब्यात राहतील, याचा लेखी नियम शाळेने अजून दिलेला नाही. त्यासाठीचे स्मरणपत्र मी या वेळी स्वतः लिहिले आहे, एकाच पानाचे. आपण ते पाहून द्यावे.

बैल माळ्यावरून खाली आला आहे. तान्ह्या पोळ्याला तो सर्वांत आधी आपल्या दारी येणार आहे, तेव्हा बोजारा, म्हणजे मुलांच्या हातावर ठेवायची भेट, काढून ठेवावा.

आपली ऋणी,
एक आई