तक्त्यात एक रकाना कमी पडला

महोदय,

रविवारच्या पुरवणीतल्या मुष्टियोद्ध्यांच्या तक्त्याने आमच्या घरी दोन दिवस भांडण लावले. 50 लढती, हार शून्य, म्हणून फ्लॉइड मेवेदर पहिला. 49 वाला रॉकी मार्सियानो दुसरा. आणि मुहम्मद अली पाच पराभवांपायी पार खाली. नातवाने तो कापून फ्रिजवर चिकटवला आहे. मी बँकेत पस्तीस वर्षे खतावण्या तपासल्या, नुसती बेरीज बघून पान उलटायची मला सवय नाही.

मार्सियानो जबरदस्तच. जेमतेम 84 किलोचा गडी, 43 नॉकआउट. पण 1951 मध्ये त्याने दोरांबाहेर फेकलेला जो लुई 37 वर्षांचा होता, हे तक्त्यात कुठे आहे? लॅरी होम्स ओळीने 48 जिंकला आणि 1985 मध्ये 49 वी गुणांवर हरला, तर तुम्ही त्याचे नावच गाळलेत!

आता अली. सैन्यभरतीला नकार दिला म्हणून 1967 मध्ये त्याचा परवाना गेला. ऐन पंचविशीतली साडेतीन वर्षे रिंगबाहेर. परतल्यावर पाचच महिन्यांत, 8 मार्च 1971 ला, समोर अपराजित फ्रेझियर. पंधराव्या राउंडला डावा हुक जबड्यावर बसला, अली उताणा पडला, उठला आणि शेवटच्या घंटेपर्यंत लढला. तक्त्यात याचे झाले ‘हार 1’. होम्स आणि बर्बिककडून तो हरला तेव्हा चाळिशीला टेकला होता. त्या लढती त्याने खेळायलाच नको होत्या, हे मीही म्हणतो.

आणि 1974 मध्ये अलीसमोर उभा ठाकलेला जगज्जेता फोरमन? 40 लढती, 40 विजय. फ्रेझियर व नॉर्टनला दोन-दोन राउंडांत झोपवणारा. लहानपणी मी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब केला, शेजारच्या हौद्यातल्या कुस्त्या बघितल्या. समोरच्याचा दम आधी काढायचा, मग डाव टाकायचा, हे तिथले पोरही जाणते. दोरांना टेकून दंडांवर ठोसे झेलणारा अली नातवाच्या मोबाइलवर पाहिला आणि तेच आठवले. आठव्या राउंडला फोरमन आडवा.

गामा पहिलवानाने उचलला म्हणतात तो 1200 किलोचा दगड आमच्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात आहे. गामाही अपराजितच. पण जाणकार आधी नाव काढतात ते त्याच्याशी भिडलेल्या पोलिश मल्ल झ्बिश्कोचे: 1910 ला लंडनमध्ये अडीच तास रखडून बरोबरी, 1928 ला पतियाळात मिनिटाच्या आत चीत.

मेवेदरचे कसब मी नाकारत नाही. खांदा वळवून ठोसा घसरवणे त्याच्याकडून शिकावे. विनंती एवढीच, की पुढच्या वेळी ‘प्रतिस्पर्ध्याचे वय व आधीच्या लढती’ असा एक रकाना वाढवा. मेवेदरच्या 50 व्या लढतीपुढे, 2017 मध्ये मिश्र युद्धकलेतून (MMA) आलेल्या मॅकग्रेगरसमोर, तुम्हाला ‘व्यावसायिक बॉक्सिंगच्या आधीच्या लढती: 0’ असे छापावे लागेल. तो अंकही फ्रिजवर लावायची माझी तयारी आहे.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, दांडिया बाजार, बडोदे