थोडक्यात वाचला, त्याचं पुढे काय?

महोदय,

दर ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत सुरक्षेची शपथ होते, बिल्ले वाटले जातात. कामाच्या जागी अपघात होऊ नयेत म्हणून झटणाऱ्या ज्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचा (स्थापना १९६६) हा दिवस, तिचं मुख्यालयही इथेच, सीबीडी-बेलापूरला आहे. पण माणूस थोडक्यात वाचला, की ती गोष्ट त्या पाळीतच मुरते.

मी रबाळ्याच्या एका कारखान्यात मेन्टेनन्स सुपरवायझर होतो. एकदा दुसऱ्या पाळीत चेन ब्लॉकने (साखळीच्या कप्पीने) मोटर उचलताना स्लिंग, म्हणजे मोटरला बांधलेला पट्टा, हुकातून निसटली. साठ-सत्तर किलोची मोटर ठेकेदाराच्या हेल्परपासून हातभरावर आदळली. स्लिंग निसटू नये म्हणून हुकाला स्प्रिंगची पट्टी असते, ती तुटली होती. बऱ्याच दिवसांपासून तुटली होती, आणि आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. ‘देव तारी त्याला कोण मारी’ म्हणत आम्ही त्या पोराला पाणी दिलं, चहा पाजला आणि कामाला लागलो. लॉगबुकात मी एक ओळ लिहिली नाही. गेटवरच्या फलकावर ‘अपघाताविना दिवस’ मोजले जात होते आणि त्या आकड्यावर दिवाळीची भेट ठरायची. महिनाभरात त्याच हुकातून पाइपचा तुकडा निसटला आणि एका फिटरच्या पायाची दोन बोटं गेली. ती न लिहिलेली ओळ मला अजून झोपू देत नाही.

हेल्पर गप्प राहिला, त्याला मी दोष देणार नाही. ठेकेदाराच्या माणसाने तोंड उघडलं तर ‘तूच निष्काळजी’ म्हणून दुसऱ्या दिवशी गेट पास बंद. कायम कामगाराला मेमोची धास्ती. भोपाळनंतर, १९८७ साली, धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांना कायद्याने हक्क दिला: जिवाला धोका दिसला तर व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी कारखाना निरीक्षकाला कळवावं. रोजंदारीवरच्या किती जणांना हे कुणी सांगितलं?

अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आपल्या हातून घडता घडता राहिलेले प्रसंग विमान वाहतूक खात्याला नाही, तर नासाला कळवतात. नासा नावगाव काढून टाकते आणि उरलेली माहिती सगळ्यांसाठी खुली करते. जाणूनबुजून केलेली चूक नसेल, तर वेळेत कळवणाऱ्याला सहसा दंडही होत नाही. म्हणून तिथे माणसं बोलतात. आपल्याकडे याला फार खर्चही नाही. मराठी-हिंदीत एक साधी चिठ्ठी हवी, नाव लिहिणं ऐच्छिक, आणि पेटी सुपरवायझरच्या टेबलापासून लांब. मुख्य म्हणजे आठवड्याच्या आत उत्तर मिळालं पाहिजे: हुक बदलला की नाही, नसेल तर का नाही. उत्तर न मिळालेला माणूस दुसरी चिठ्ठी लिहीत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

कारखान्यांच्या व्यवस्थापकांना माझी कळकळीची विनंती आहे. गेटवरच्या ‘अपघाताविना दिवस’ या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे लिहा: या महिन्यात किती चिठ्ठ्या आल्या आणि त्यांतल्या किती दुरुस्त्या झाल्या. आणि दिवाळीची भेट त्या पहिल्या आकड्यापासून सोडवा.

– एक निवृत्त मेन्टेनन्स सुपरवायझर, ऐरोली, नवी मुंबई